फुटाला एक सूत

बाबांची पट्टी खोटी होती.
सहावीत भूमितीच्या तासाला मी ती चोरून नेली
आणि माझा दहा सेंटिमीटरचा रेषाखंड
सरांच्या पट्टीवर एक मिलिमीटर जास्त भरला.
गुण गेला. घरी येऊन रडले, तर बाबा हसले:
"पोरी, ती ओतकामाची पट्टी हाय.
लोखंड गार हुताना आकसतंय.
फुटाला एक सूत आधीच सोडायचं असतंय."

उद्यमनगरात चाळीस वर्षं ते सागवानाचे पॅटर्न करत राहिले,
पंपाचे, इंजिनाच्या हेडचे.
प्रत्येक उभ्या भिंतीला किंचित उतार,
वाळूतून पॅटर्न उचलताना कड ढासळू नये म्हणून.
गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर हा उतार कधीच नसायचा.

मी तांबं आखते.
दूध संस्थेतल्या फॅट मशीनचा बोर्ड:
पहाटे पाचला कुणी किटली पुढं करणार,
आकडा उमटणार सहा पॉइंट आठ,
आणि त्यावर घरातलं तेल-मीठ ठरणार.
पडद्यावर सगळं हिरवं होतं. चुका शून्य.
दोनशे बोर्ड गोकुळ शिरगावात टाकले.
एकतीस नापास.

दस्तगीर मुल्लाणींनी भिंग हातात दिलं.
तांब्याचं कडं, मधे भोक,
आणि भोक एका अंगाला सरकून
कडं फोडून बाहेर आलेलं,
जड कुड्यांनी ओघळून फाटलेल्या
कानाच्या पाळीसारखं.
"मशीनची चूक न्हाई," ते म्हणाले, "माझी बी न्हाई.
तुमची म्हणायला जीभ रेटत न्हाई.
एकावर एक तीन पत्रे ठेवून भोकं पाडतोय आमी.
ड्रिल फिरतंय म्हंजे जरा नाचतंय की.
तळातल्या पत्र्यात लईच नाचतंय.
त्याला नाचाय जागा ठेवा."

शेजारच्या शेडमध्ये पारूबाई चौगले
काही बोलल्या नाहीत.
कनेक्टर आणि कपॅसिटरच्या मधल्या फटीत
सोल्डरिंगची सळई घालून दाखवली फक्त.
टोक पिनेपर्यंत पोचेना. प्लास्टिक जळल्याचा वास आला.
फट दीड मिलिमीटरची. माझ्या पडद्यावर
ती खासबागेच्या मैदानाएवढी दिसायची.
त्या मैदानात मी कुणाचा हात
उतरवून बघितलाच नव्हता.

रात्री पुन्हा बसले.
कडी रुंद केली. तार कड्याला मिळते तिथं
थेंबासारखा फुगवटा दिला.
अणकुचीदार कोपरे मोडले,
आम्ल तिथं दडून बसतं आणि तांबं कुरतडत राहतं.
कपॅसिटर सरकवला, सळई तिरकी धरूनही जाईल इतका.
जोडाच्या जागेवर चढलेली अक्षरं खाली उतरवली.

बोर्ड वाढला.
"पॅनेलवर बारा बसायचे, आता दहाच?"
शिरगुप्पे साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला.
मी म्हटलं, एकतीस.
ते गप्प झाले. पटलं असं नाही.
सही मात्र झाली, तारीख न घालता.

रविवारी बाबांना नवा बोर्ड दाखवला.
त्यांनी आधी कडेवरून बोट फिरवलं,
मग चष्मा शोधला.
"तांब्याला किती सोडतीस?"
तांबं नाही आकसत, बाबा. ड्रिलसाठी सोडते.
"मग हलतंय कोण?"
ड्रिल हलतं. पत्रा हलतो. शाईचा थर हलतो.
सगळंच थोडं थोडं.
"किती, ते सांग."
एका अंगाला इंचाचे पाच हजारांश.
"आमच्या भाषेत?"
तुमच्या सुताचा पंचविसावा हिस्सा.

बाबा खोटी पट्टी खिडकीतल्या उजेडाला धरतात
आणि अंगठ्याच्या नखानं
ती खूण शोधू लागतात.